धाकट्या भावांचें विद्यालय

आमचें घर अहमदपूर तालुक्यांत आहे. लातुराहून नांदेडास जाणारी मोटार शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगांव, लोहा असे थांबे घेत जाते. त्या वाटेवर एका फांट्याला उतरून कोसभर आंत गेलें म्हणजे आमचा वाडा लागतो. आमच्या बाजूच्या मुलांपुढें विद्येच्या दोनच वाटा असतात. बुद्धि तीव्र आणि बापाची खर्चाची तयारी असेल तर लातूर, नाहींपेक्षां नांदेड. यंदा श्रावणांत माझ्या पुतण्यानें तिसरीच वाट काढली. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची यादी लागली आणि त्याचें नांव मुंबईस बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यालयांत निघालें.

घरांत लहानमोठीं मिळून बारा माणसें आहेत, त्यामुळें बारा मतें झालीं. मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं हातांतली जपमाळ खालीं न ठेवतां विचारलें, “सेंट म्हणजे रे काय?”

“संत,” मीं सांगितलें.

“मग संताच्या शाळेला नांवें कशाला ठेवतां?” एवढें बोलून त्या पुन्हा जपाला लागल्या.

नांवें ठेवणारा अर्थात् मी होतों. मॅट्रिकनंतर मास्तरकी धरली, संस्कृत शिकवण्यांत सारा जन्म गेला, आणि त्या ओघांत जुनीं देवळें व लेणीं यांविषयीं मिळेल तें वाचीत आलों. बोरिवलीस त्या विद्यालयाच्या परिसरांतच मंडपेश्वराचें शैव लेणें आहे, आणि त्या लेण्यांत पोर्तुगीज अमदानींत फ्रान्सिसच्याच पंथाच्या साधूंनीं चर्च थाटलें होतें, हें मला ठाऊक होतें. आपल्या घरचें मूल तेथें जाऊन काय शिकणार, असा माझा प्रश्न होता. ज्याचा हा मुलगा तो माझा धाकटा भाऊ बापू नेहमींप्रमाणें खांबाला टेकून बसला होता. तो कांहींच बोलला नाहीं. वडिलांच्या पश्चात् घरांतला शेवटचा शब्द माझा असतो. मीं निकाल दिला कीं, मी मुलाला घेऊन जातों, डोळ्यांनीं पाहतों आणि मग ठरवितों.

निघण्याआधीं शेजारच्या एका गृहस्थांनीं मला थांबवून सांगितलें कीं, हे फ्रान्सिसवाले आपल्याकडचेच, संभाजीनगरच्या बाजूस त्यांच्या पुष्कळ शाळा आहेत. हा घोटाळा सरसकट होतो म्हणून येथें खुलासा करितों. मराठवाड्यांत वैजापूरच्या बाजूस जे कॅथलिक धर्मोपदेशक पूर्वीपासून काम करीत आले, ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवें चालणाऱ्या संघाचे. हे द सेल्स बिशप होते आणि १६२२ सालीं वारले. गोव्यास ज्यांचें शव ठेवलेलें आहे ते फ्रान्सिस झेवियर, जेझुइट पंथाचे. बोरिवलीचे फ्रान्सिस या दोघांच्याहि आधींचे, इटलींतील असिसी गांवचे. त्यांचा काळ ज्ञानेश्वरांच्या आधीं अर्धशतक. नांव एक पण माणसें तीन, आणि तिघांचे स्वभावहि तीन.

नांदेडास पोंचलों तों गाडीला बराच अवकाश होता. माझी अखेरचीं वीस वर्षांची नोकरी याच गांवांत झाली. पुतण्याला घेऊन पीपल्स कॉलेजावरून एक फेरी मारली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारानें नांदेड एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १९५० सालीं हें महाविद्यालय सुरू झालें. स्वामीजींचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. धाराशिव जिल्ह्यांतील हिप्परगें येथें निजामी अमलांत, १९२१ सालीं, राष्ट्रीय शाळा निघाली होती. तिचे मुख्याध्यापक असतांनाच त्यांनीं संन्यास घेतला. अंगावर भगवीं वस्त्रें आलीं, पण हातांतला खडू सुटला नाहीं. पुढें अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालय, त्यानंतर हैदराबादचा मुक्तिसंग्राम आणि कारावास. माझे वडील अंबाजोगाईस विद्यार्थी असतांना त्यांनीं स्वामीजींना पाहिलें होतें, आणि मास्तरानें कसें राहावें हें सांगतांना ते दुसरा कोणताहि दाखला देत नसत. १९९४ पासून स्वामीजींच्या नांवाचें विद्यापीठ नांदेडास आहे व लातूर जिल्हाहि त्याच्याच कक्षेंत येतो. मीं पुतण्याला विचारलें, स्वामीजींविषयीं तुला काय माहीत आहे? तो म्हणाला, “काका, विद्यापीठाचें नांव.” मी रागावलों नाहीं. तीस वर्षें वर्गांत उभा राहून मीं तरी मुलांना याहून जास्त काय सांगितलें होतें?

तेथून गुरुद्वाऱ्यास गेलों. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग येथें निजधामास गेले. तेव्हांपासून शीख लोकांचें हें महाक्षेत्र. लंगरांत पंक्तीला बसलों. शेजारीं कोण बसलें आहे हें तेथें विचारावयाचें नसतें. सोंवळ्या घरांत वाढलेल्या माझ्यासारख्याला पूर्वीं याचा संकोच वाटे. आतां वाटत नाहीं, निदान घरीं सांगण्यापुरता तरी वाटत नाहीं. जेवून देवगिरी गाडींत बसलों.

दुसऱ्या दिवशीं सोमवार होता. मातोश्रींची आज्ञा होती कीं, शाळा कशीहि असो, श्रावणी सोमवारीं महादेवाचें दर्शन चुकवूं नये. दहिसरास भावजयीच्या बहिणीकडे स्नान उरकून, ओंजळभर बेल घेऊन, आम्ही आधीं मंडपेश्वरास गेलों.

पाऊस कोसळत होता. भोंवतालीं उंच उंच इमारती, आणि त्यांच्या मध्यें एकाएकीं काळ्या खडकाचा उतार व त्याच्या पोटांत खांबांची ओळ. सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान केव्हां तरी हें लेणें कोरलें गेलें असावें असें जाणकार मानतात. दहिसर नदी पूर्वीं याच्या पायथ्याशीं वाहात असे, पुढें तिनें पात्र बदललें असें सांगतात. आंत शिवलिंगापुढें दर्शनाची रांग होती. एका भिंतीवर नटराजाचें शिल्प अजून ओळखूं येतें. बाहेरच्या बाजूस मात्र खडकांत मोठा क्रूस कोरलेला आहे, आणि तो जुन्या शिल्पाच्या जागीं आहे हें समजावयास पुरातत्त्वज्ञ लागत नाहीं. लेण्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर केव्हांच गेलें आहे.

याची हकीकत थोडक्यांत अशी. १५३४ च्या तहानें गुजरातच्या सुलतान बहादुरशहानें वसई व भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन साधु आले. त्यांत आंतोनियो द पोर्तो हा मोठा खटपट्या होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यानें हें लेणें चर्चच्या उपयोगास घेतलें आणि वर मठ व विद्यालय उभारलें. मंडपेश्वर या नांवाचाच अपभ्रंश होत होत ‘माउंट पॉयन्सर’ झालें, आणि त्या टेंकडीला ख्रिस्ती लोक अजून त्याच नांवानें ओळखतात. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि पोर्तुगीजांची सत्ता उठली. आज लेणें पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे आणि महादेवाची पूजा चालू आहे.

बेल वाहिला, पण मन शांत नव्हतें. त्या क्रुसाकडे पाहून जो संताप येतो तो मला आला, आणि तो आला हें लपविण्यांत अर्थ नाहीं. भिक्षेचें व्रत घेतलेल्या माणसांनीं राजाच्या तलवारीच्या आडोशानें दुसऱ्याच्या देवघरांत शिरावें, याला मी धर्म म्हणूं शकत नाहीं. सत्तेच्या सावलींत बसलेला संन्यासी संन्यासी राहात नाहीं, मग तो कोणत्याहि पंथाचा असो. आपल्याकडील मठांच्या जमिनींवरून चाललेले दावे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हें निराळें सांगावयास नको. पुतण्यानें मात्र एवढेंच विचारलें, “काका, मग आज कोणाची पूजा चालू आहे?” मीं म्हटलें, “महादेवाची.” तो म्हणाला, “आणि शेजारीं कॉलेजहि चालू आहे.” मुलें कधीं कधीं फार थोडक्यांत बोलतात.

विद्यालय तेथून दूर नाहीं. १९९९ सालीं तें निघालें, मुंबई विद्यापीठाशीं संलग्न आहे. आणि तें चालविणारे लोक आंतोनियोच्या मठाचे वारस नव्हेत, हें मला तेथें गेल्यावर नीट कळलें. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नांवें ‘मिशनरी ब्रदर्स’ म्हणून एक संघ आहे. जर्मनींतून आलेल्या ब्रदर पाउलुस मोरित्झ यांनीं तो १९०१ सालीं आपल्या देशांतच स्थापिला. अनाथ व गरीब मुलांचें संगोपन आणि शिक्षण हें त्यांनीं मुख्य काम मानलें. त्याच संघाच्या शाळा, आणि त्याचेंच हें अभियांत्रिकीचें विद्यालय.

कागद तपासण्यासाठीं मुलांची मोठी रांग होती. पुतण्या रांगेंत उभा राहिला आणि मी पडवींत एका बाकावर टेकलों. शेजारीं साध्या सदऱ्या-विजारींतले एक वयस्क गृहस्थ येऊन बसले. मीं धोतर नेसलों होतों, त्यावरून कीं काय, त्यांनीं शुद्ध मराठींत विचारलें, “गुरुजी, कोठून आलांत?” ते वसईचे होते आणि त्याच संघांतले. मीं त्यांना फादर म्हटलें तेव्हां ते हंसले. “मी फादर नव्हे, ब्रदर. आम्ही पूजाविधि चालवीत नाहीं. आम्ही नुसते भाऊ.”

मला नवल वाटलें. त्यांनीं सांगितलें कीं, खुद्द फ्रान्सिसहि पुरोहित झाले नाहींत. माझ्या वाचनांत त्यांचें चरित्र पूर्वीं आलें होतें, पण पुस्तकांतलें आणि पडवींत ऐकलेलें यांत अंतर असतें. असिसीच्या एका सधन कापडव्यापाऱ्याचा हा मुलगा. जन्म ११८१ किंवा ११८२ चा. तरुणपणीं छानछोकी, लढाई, कैद, आजार हें सर्व झालें. मग मन फिरलें. बापानें गांवच्या बिशपापुढें मुलाला उभें केलें आणि दिलेला पैसा परत मागितला. मुलानें पैसा तर दिलाच, अंगावरचे कपडेहि काढून बापाच्या पुढें ठेवले. पुढें जे सोबती मिळाले त्यांना त्यांनीं नांव दिलें, त्याचा अर्थ ‘धाकटे भाऊ’. त्या वेळच्या इटलींतल्या गांवांत ‘थोर’ आणि ‘धाकटे’ असे दोन वर्गच असत. थोरांच्या हातीं सत्ता, धाकट्यांच्या वांट्याला कष्ट. फ्रान्सिसनीं जाणून बुजून धाकट्यांचें नांव घेतलें. मठाच्या प्रमुखाला महंत किंवा स्वामी म्हणण्याची त्यांनीं बंदी केली. पंथाचा मुख्य तो ‘सेवक’ आणि एकेका घराचा मुख्य तो ‘पालक’. तोहि ठराविक मुदतीचा. मुदत संपली कीं पुन्हा साधा भाऊ, दुसऱ्या पालकाच्या आज्ञेंत.

वाचकहो, हें ऐकतांना माझ्या डोळ्यांपुढें आपलीं एकत्र कुटुंबें उभीं राहिलीं. या ब्रदरांची मिळकत एका पेटींत जाते, जेवण एका चुलीवर, दुखणेंबाणें सर्वांच्या अंगावर. आपलें हें असेंच आहे, आणि तें मोडत चालल्याबद्दल आपण याच मासिकांतून वेळोवेळीं हळहळतों. पण आपल्या घरांत पेटीची किल्ली ज्या जानव्याला बांधली जाते तेथून ती मरेपर्यंत सुटत नाहीं. मुदतीचा थोरला भाऊ मीं तरी कोठें पाहिलेला नाहीं.

मीं त्यांना अडचणींत आणण्याच्या हेतूनेंच एक प्रश्न टाकला. ज्या साधूनें आपल्या अनुयायांना पैशाला हात लावण्याची मनाई केली, त्याच्या नांवावर एवढी इमारत आणि आमच्या दोन हंगामांच्या सोयाबीनएवढी फी, हें कसें? ते रागावले नाहींत. आमचा पंथ आठशें वर्षें याच प्रश्नावर भांडतो आहे, असें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. फ्रान्सिस वारल्यावर थोड्याच वर्षांत तोड निघाली कीं, घरें, जमिनी, पुस्तकें यांची मालकी पोपची आणि साधूंचा केवळ वापर. आपल्याकडे देवस्थानची मिळकत देवाच्या नांवें आणि वहिवाट सेवेकऱ्यांची, तशीच ही युक्ति. चौदाव्या शतकांत एका पोपनें ही मालकी नको म्हणून झिडकारली आणि पंथांत उभी फूट पडली. यंत्रें, प्रयोगशाळा आणि अध्यापकांचे पगार यांना पैसा लागतो. तो कोठून आणावा आणि गरिबाच्या मुलाला दार कसें उघडें ठेवावें, या दोहोंमध्यें आमची रोजची ओढाताण आहे, असें ते म्हणाले. हें उत्तर पुरें नाहीं. पण ज्या संस्थेच्या माणसाला आपल्या फीची थोडी लाज वाटते ती संस्था मला बरी वाटली. मीं पाहिलेल्या कित्येक संस्थांत ती लाज दिसत नाहीं.

नंतर विद्येचा विषय निघाला. फ्रान्सिसना विद्येचें वावडें होतें काय, असें मीं विचारलें. ते म्हणाले, विद्येचें नव्हे, विद्येच्या मालकीचें. अंतोनी नांवाच्या विद्वान् शिष्याला त्यांनीं शास्त्र शिकविण्याची परवानगी आनंदानें दिली, मात्र अभ्यासापायीं प्रार्थना विझूं नये एवढी अट घातली. पुढें तर याच पंथांत मोठमोठे तत्त्वज्ञ निपजले. इंग्लंडांतला रॉजर बेकन हाहि यांच्यांतलाच. मग त्यांनीं एक जुनी गोष्ट सांगितली. पंथांत नुकत्याच आलेल्या एका मुलाला स्वतःची स्तोत्रांची पोथी हवी होती. तो फ्रान्सिसकडे परवानगी मागावयास आला. फ्रान्सिसनीं त्याला समजाविलें कीं, आज तुला पोथी मिळाली म्हणजे उद्यां मोठा ग्रंथ हवासा वाटेल. मग तूं आसनावर बसशील आणि आपल्या भावाला हुकूम करशील कीं, अरे, माझा ग्रंथ इकडे आणून दे.

गोष्ट एवढीच. पावसाचा जोर वाढला होता. ब्रदर कोणाच्या तरी हांकेसरशीं उठून आंत गेले, आणि मी त्या बाकावर बसून राहिलों तो पुतण्या येईपर्यंत हललों नाहीं.

१९८० सालची गोष्ट. मला मास्तरकी लागून दोन वर्षें झालीं होतीं. वडील थकले होते. बापू सातवी पास झाला, चांगल्या गुणांनीं झाला; गणितांत तर माझ्याहून वरचढ. पुढची शाळा तालुक्याला. घरांत खल चालला तेव्हां वडिलांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं सांगितलें, “शेताला कोणी तरी हवें. एक शिकला तेवढा पुरे.” बापू तेव्हां चौदा वर्षांचा होता. त्यानें दप्तर कोनाड्यांत ठेवलें आणि बैल सोडावयास गेला. त्यानंतर मी सुटींत घरीं येत असें, ओसरीवर बसून पाठ तयार करीत असें, आणि शेतांतून दमून आलेल्या बापूला हांक मारीत असें, “बापू, आंतून माझें अमरकोश आण रे.” तो पाय धुऊन, हात पुसून, पुस्तक आणून देई. कधीं कधीं देण्याआधीं चार पानें चाळून पाही. मला तें दिसत असे.

त्याचें लग्न उशिरां झालें, मूल त्याहून उशिरां. या मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘पालक’ या शब्दापुढें पहिलीपासून बारावीपर्यंत माझी सही आहे. त्याला काय कळतें, हा घरांत रूढ झालेला विचार. तो रूढ कोणीं केला हें आतां सांगावयास नको.

पुतण्या आला. प्रवेश नक्की करावयाचा कीं नाहीं, हें विचारीत माझ्याकडे पाहूं लागला. मीं त्याला म्हटलें, “बापाला फोन कर.” त्यानें केला. पलीकडून बापूचा आवाज मला ऐकूं आला, “दादा काय म्हणतात?” मीं फोन हातांत घेऊन सांगितलें, “दादा कांहीं म्हणत नाहींत. तुझा मुलगा आहे.” बराच वेळ पलीकडे कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, “घ्या प्रवेश.” पैसे भरले. कांहीं कागद बापाच्या सहीसाठीं घरीं न्यावयाचे होते, ते पिशवींत घातले.

येतांना लातूरची गाडी धरली. पहांटे लातुरास उतरलों आणि अहमदपूरच्या मोटारीला वेळ होता म्हणून पायींच निघालों. या गांवाची कीर्ति महाराष्ट्रास माहीत आहे. १९७० सालीं राजर्षी शाहू महाविद्यालय निघालें. पुढें तेथील मुलांचीं नांवें गुणवत्ता यादींत वर वर झळकूं लागलीं आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घरोघर गेला. मागास म्हणून हिणविलेल्या मराठवाड्यानें पुण्या-मुंबईला मागें टाकलें, याचा अभिमान मलाहि आहे आणि तो मी सोडणार नाहीं. पण त्या पहांटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंस शिकवणीच्या वर्गांच्या पाट्यांवर मुलांचे चेहरे पाहात चाललों होतों. पहिला, दुसरा, तिसरा, आणि प्रत्येकाच्या खालीं गुण. पांच वाजतां खोल्यांतून दिवे लागलेले. पाठीवर ओझें घेऊन मुलें-मुली धांवत होतीं. या मुलांचे घरीं राहिलेले भाऊ कोठें असतील, असें मनांत आलें. पाटीवर त्यांना जागा नसते.

याच लातुराला २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. त्या दिवसांत मी येथें नातलगांकडे आलों होतों. घागरींच्या रांगेंत पहिला नंबर आलेल्या मुलाची आई आणि ज्याचा कोठेंच नंबर लागला नाहीं त्याची आई शेजारीं उभ्या होत्या. फ्रान्सिसनीं आयुष्याच्या अखेरीस, डोळे जवळ जवळ गेलेले असतां, सृष्टीचें एक स्तोत्र रचलें. त्यांत सूर्य भाऊ आहे आणि पाणी बहीण आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें पृथ्वी, वायु, जल यांना गुरु केलें, हें आपल्या वाचकांना माहीत आहेच. गुरूला नमस्कार करून आपण मोकळे होतों. बहिणीला मात्र सांभाळावें लागतें. लातुराला हा धडा कोणत्याहि वर्गांत न बसतां मिळाला.

ब्रदरांनीं निरोप घेतांना एक तारीख सांगितली होती. फ्रान्सिस १२२६ सालीं ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळीं वारले. मरतांना त्यांना उघड्या भुईवर निजविलें होतें, कारण तशी त्यांची इच्छा होती. स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म १९०३ चा, तारीख ३ ऑक्टोबर. मी योगायोगांवर फारसा विसंबून राहणारा नव्हे. तरी शिरूर ताजबंदच्या पुढें गाडी थांबली असतां पुतण्याला तें सांगितलें, आणि हिप्परगें, संन्यास, अंबाजोगाई, तुरुंग, सर्व हकीकत अहमदपूर येईपर्यंत सांगत बसलों. तो ऐकत होता. मधेंच म्हणाला, “हें तुम्हीं वर्गांत सांगत असाल ना?” मीं खिडकीबाहेर पाहिलें.

घरीं पोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती. मातोश्रींना मंडपेश्वराचा अंगारा दिला. त्यांनीं कपाळाला लावला आणि विचारलें, “संत कसा आहे?” मीं म्हटलें, “बरा आहे. आपल्या बापूसारखा आहे.” त्यांना ऐकूं कमी येतें, त्यांनीं मान हालविली.

जेवणें झाल्यावर मीं कागद काढले. सवयीप्रमाणें भावजयीनें माझा चष्मा आणि पेन माझ्यापुढें आणून ठेवलें. मीं उठून तीं दोन्ही खांबापाशीं नेलीं आणि बापूच्या पुढें ठेवलीं. त्याला माझा चष्मा लागला. सहा कागद होते. तो प्रत्येक कागद वरपासून खालपर्यंत वाचीत होता, ओठ हालवीत, आणि आम्ही सारे भोंवतीं बसलों होतों. तिसऱ्या कागदावर एक शब्द त्याला अडला, तो त्यानें मुलाला विचारला, मला विचारला नाहीं. शेवटीं पालक या शब्दापुढें त्यानें आपलें नांव, वडिलांचें नांव, आडनांव असें पूर्ण लिहिलें. अक्षर सातवींतलेंच होतें, गोल आणि सुटें.

मग त्यानें वर पाहून विचारलें, “दादा, तारीख आजची घालूं कीं उद्यांची?”

“तुला वाटेल ती घाल,” मीं म्हटलें.